तारेतली कच्ची जागा

मी काय काम करते हे कोणाला सांगायची पाळी आली की बाबा ते स्वतःकडे घेत. "आमचा बाय तार थंड करता," एवढंच ते सांगत. ऐकणाऱ्याला वाटे मी वीजखात्यात आहे. शेजारच्या काकांनी तर एकदा आमच्या वाड्यावर व्होल्टेज कमी येतं म्हणून माझ्याकडे रीतसर तक्रार केली होती, आणि मी काहीच केलं नाही म्हणून पुढे बरेच दिवस ते माझ्याशी तुटक वागत होते.

बाबांचं तसं खोटं नव्हतं. मी तारच थंड करते. पण ती डोळ्याला दिसणारी तार नव्हे. केसाचे हजारभर उभे काप केले तर त्यातला एक काप जेवढा रुंद, तेवढी ती रुंद. जाडी तर त्याहूनही कमी, म्हणजे अणूंचे जेमतेम वीस-पंचवीस थर. नायोबियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचा पातळ थर एका चकतीवर चढवायचा, त्यातून ही तार नागमोडी कोरून काढायची आणि हीलियमच्या यंत्रात इतकी गार करायची की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहू लागते. मग तिला सोसेल त्याच्या अगदी काठापर्यंत वीज सोडायची आणि थांबायचं. प्रकाशाचा एक कण, एकच फोटॉन, तारेवर पडला की तेवढ्या जागी तिची ती अवस्था मोडते, विजेला क्षणभर अडथळा होतो आणि पडद्यावर एक टोक उमटतं. आम्ही त्याला टिक म्हणतो. एक टिक म्हणजे एक फोटॉन. निदान प्रबंधाच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं असतं.

दुसऱ्या पानापासून रडगाणं सुरू होतं. कारण तार सगळीकडे सारखी नसते. थर चढवताना कुठे एखादा अणूंचा पदर कमी बसतो, कुठे दोन दाण्यांमधली सांध नीट मिळत नाही, कोरताना कड कुरतडली जाते, वळणावर वीज आतल्या बाजूला गर्दी करते. आमच्या गोव्याच्या पावसाळ्यात तर हवेलाच इतकी ओल असते की कोरण्याआधी चढवायचा लेपसुद्धा धड बसत नाही. यातली एकच जागा पुरते. अख्खी तार चांगली आणि एका जागी ती जराशी कच्ची, तर विजेचं माप त्या कच्च्या जागेच्या मर्जीने ठरवावं लागतं. तिला सोसेल तेवढीच सोडायची. मग बाकीची तार अर्धपोटी राहते, फोटॉन तिच्यावर पडतात आणि तिला पत्ता लागत नाही. आणि ती कच्ची जागा मात्र काठावरच बसलेली असते. अंधारात, काही नसताना, आपणहून टिक करते. त्याला डार्क काउंट म्हणतात. कोणी न येता वाजलेली दारावरची घंटा.

मला 'एकसारखा' या शब्दाचाच राग आहे. लेखांमधून तो सर्रास वापरतात, 'एकसारखा थर', 'एकसारखी रुंदी'. एका चकतीवर आम्ही पुष्कळ तारा कोरतो, त्यातल्या बहुतेक फुकट जातात, आणि ज्या एक-दोन चांगल्या निघतात त्यांचे फोटो छापतो. वाचणाऱ्याला वाटतं, काय हात आहे या लोकांचा!

बाबांचा खोकला हटत नव्हता म्हणून छातीचा स्कॅन काढला. खनिज वाहणाऱ्या बार्जीवर त्यांचा जन्म गेला होता. आमोण्याच्या धक्क्यावरून भरून निघायचं, मांडवीतून खाली जायचं, रिकामं होऊन परत यायचं. खाणी बंद पडल्या तेव्हा ते घरी बसले आणि मागच्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, वेळ काढू लागले. धूळ छातीत बसली असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फुफ्फुसांत धूळ निघालीच, पण डॉक्टर तिच्यावर थांबले नाहीत. त्यांनी पडद्यावर हृदयातून वर जाणारी मोठी शीर, महाधमनी, दाखवली. एका जागी ती फुगली होती, गिळलेलं भक्ष्य पोटात दिसावं तशी.

"इथे भिंत ताणली गेली आहे," ते म्हणाले. "पुढची शीर चांगली आहे, पाठीमागून खाली उतरते तीही नॉर्मल. हा एवढा भाग काढून कृत्रिम नळी बसवता येते."

मी विचारलं, "फुगवटा दिसतो. पण भिंतीत ताकद किती उरली आहे, ते कसं कळतं?"

त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "ते कळत नाही. आम्ही रुंदी मोजतो आणि अंदाज बांधतो."

डॉक्टर सरळ माणूस होता, हे मला अजून वाटतं. फुगवटा अगदी सीमेवर आहे, तुमच्या जागी मी असतो तर ऑपरेशन करून घेतलं असतं, पण वय आणि फुफ्फुसं पाहता टेबलावर धोका आहे, असं सगळं त्याने लपवाछपवी न करता सांगितलं. निर्णय आमच्यावर सोडला.

बाबांना ऑपरेशन हवं होतं. ते स्पष्टच बोलले. "बार्जीचो पत्रो पातळ झालो की कापून नवो मारतत. तसोच मारा. छातीत बॉम्ब घेऊन माका फिरूचा नाय." दादा, माझा मोठा भाऊ, त्यांच्याच बाजूचा. तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर लगेच निघायचं हेच असतं. मीही तेच म्हणत होते. राहिली आई.

"देवीक इचारल्याशिवाय मी तेंका टेबलार निजूक देवचंय नाय," ती म्हणाली, आणि तिथे बोलणं संपलं.

आईचं माहेर पेडण्याकडचं, केरीच्या जवळचं. तिच्या गावच्या देवीला विचारल्याशिवाय आमच्या घरात मोठं काही झालेलं नाही. दादाची सोयरीक, विहिरीची जागा, इतकंच काय, मी घरापासून लांब जाऊन भौतिकशास्त्र शिकावं की नाही, हेसुद्धा तिथेच ठरलं. तेव्हा कौल माझ्या बाजूने आला होता आणि मी त्याच्या शास्त्रीय पायाविषयी अवाक्षर काढलं नव्हतं.

एका सकाळी आम्ही चौघं दादाच्या टॅक्सीतून निघालो. डिचोली मागे पडली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सीटबेल्टचा पट्टा छातीपासून दूर, हाताने धरून ठेवला होता. आईच्या मांडीवर फुलांची पुडी होती.

आमच्याकडे याला प्रसाद लावणं म्हणतात. पुजारी तांबड्या फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवतात आणि मूर्तीच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवतात. मग ज्याचा प्रश्न त्याच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आई माये," पुजाऱ्यांनी सुरू केलं, "ह्या तुजा लेकरू तुज्या पायांकडे इला. दोतोरान छाती कापूक सांगल्यान. कापूची आसात तर उजवी दी. नको आसात तर डावी दी. चुकला माकला पदरात घी."

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी होते आणि प्रयोगशाळेत पडद्याकडे बघते तशी त्या पाकळ्यांकडे बघत होते. दुसरं काही मला जमलंच नसतं. उजवीकडची पाकळी लहान होती, दगडाला चपटी बसलेली. डावीकडची जरा मोठी, तिची कड उचललेली आणि कडेखाली पाण्याचा थेंब. सभामंडपात पंखा फिरत होता. थेंब हळूहळू जाड होत गेला, खाली सरकला आणि पाकळीला घेऊनच पडला.

आईने हात जोडले. दादा बाहेर निघून गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं. दादाने स्टिअरिंगवर हात आपटला. "एका पाकळेर बापाशीक मरूक सोडतंस?"

आई म्हणाली, "देवीन सांगला ता सांगला."

मला गप्प बसायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "आई, ती पाकळी ओली होती, जड होती, म्हणान पडली. आमच्या यंत्रातय असा होता. उजेड नसताना टिक येता. तार जंय कच्ची आसता थंय."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. रागावली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मगे तुमी कसा वळखतास, खरी खंयची आणि खोटी खंयची ता?"

"एकेक टिक बघून वळखाक येना," मी म्हटलं. "उजेड बंद करून मोजूचा, मगे उजेड सोडून मोजूचा, परत परत. मगे कळता."

"तर परत इचार!" दादा म्हणाला. "धा फावट इचार!"

"देवीक परत परत इचारीनत नाय," आई म्हणाली.

आणि हा एवढाच फरक होता. मी आयुष्यभर एकच प्रश्न लाख वेळा विचारते आणि मग सरासरी काढते. तिच्या गावात प्रश्न एकदाच विचारायचा असतो आणि जे येईल ते घेऊन घरी जायचं असतं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे देवीला खोटारडी म्हणणं. बाबा पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत होते. कोणीच त्यांना काही विचारलं नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी ते सोप्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, जीव तुमचा आहे, तुम्ही हो म्हणा, आईला मी बघून घेते.

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "माका टेबलार काय झाला, तर ती म्हणतली, देवीन नको सांगलला आणि मी आयकलंय नाय. ता घेऊन ती जगाची नाय. तुका तुजी आई ठाऊक नाय?"

"आणि घरात काय झालं तर?"

"घरात झाला तर ता देवीचा. तिचा नाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. असा समजूतदारपणा मला आवडत नाही. त्यात माणसं मरतात. मी उठून आत गेले आणि भांडी आपटली.

त्यानंतरचे महिने आम्ही सगळे बाबांच्या छातीकडे बघत जगलो. त्यांच्याशी बोलताना डोळे आपोआप तिथेच जायचे. ते खोकले की घर थांबायचं. आईने बादली उचलू दिली नाही, नारळ सोलू दिला नाही, जोराने हसायलाही बंदी होती. रक्तदाबाची गोळी ती स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवायची. प्रयोगशाळेतून मी रोज फोन करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, छातीत दुखतं का? ते म्हणायचे, "छाती मस्त आसा. तुजी तार कशी आसा?"

तार बरी नव्हती. त्या काळात मी एका चकतीवरच्या दोन तारांच्या मागे लागले होते. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकीच्या वळणावर कडेला खाच दिसत होती, उंदराने कुरतडल्यासारखी. दुसरी दिसायला अशी देखणी की आमच्या सरांनी तिचा फोटो भिंतीवर लावायला सांगितला. मी पैजेवर सांगितलं असतं की खाचवाली लवकर हार खाणार. गार करून वीज वाढवत नेली तर खाचवाली भरपूर सोसत राहिली आणि देखणी निम्म्यातच गेली. मग मी देखणीला परत सूक्ष्मदर्शकाखाली घातलं, प्रत्येक वळण शोधलं, प्रत्येक सरळ तुकडा. काही दिसलं नाही. तिची कच्ची जागा आत कुठेतरी होती, थराच्या पोटात. तिथे रुंदी अगदी बरोबर होती, फक्त पदार्थच मुळात कमअस्सल होता. सर म्हणाले, असं होतं, चित्रात सगळं येत नाही. तो फोटो मात्र त्यांनी भिंतीवर राहू दिला.

मी हे सगळं पाहिलं, लिहून काढलं, एका परिषदेत लोकांसमोर सांगितलंसुद्धा. आणि संध्याकाळी फोन करून विचारलं, छातीत दुखतं का?

त्या दिवशी सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला आणि बाबा पाव घ्यायला फाटकापर्यंत गेले. तेवढं एक काम आईने त्यांच्याकडे ठेवलं होतं. उंड्यांची पिशवी घेऊन परत येताना ते मध्येच थांबले आणि पाठीला हात लावला. आई दारातच उभी होती. तिने आधी छातीचं विचारलं. "छातीत काय नाय," ते म्हणाले, "पाठीत कोणी सुरी मारल्यासारखा झाला." त्यांनी आदल्याच दिवशी कोणाचं न ऐकता माडाखालची झावळी ओढली होती. आईला वाटलं उसण भरली. तिने त्यांना पालथं निजवलं, खोबरेल गरम केलं आणि पाठ चोळली.

मला आईचा फोन आला तेव्हा मी कंप्रेसरशेजारी उभी होते आणि धड ऐकू येत नव्हतं. "बाबांच्या पाठीत उसण भरल्या," ती म्हणाली. मी विचारलं, छातीत? "छातीत कायच नाय." मी सुटकेचा श्वास टाकला. खरंच टाकला. बाम लाव, आराम करू दे, मी दुपारी येते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि तापमान नोंदवायला गेले.

ते घामाने भिजले तेव्हा आईने दादाला बोलावलं. दादाने त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. मी पोचले तेव्हा स्कॅन झाला होता आणि शस्त्रक्रियेची तयारी चालली होती. त्या तयारीतच ते गेले. मला त्यांचे पाय तेवढे दिसले, तेलाने चकाकणारे, कारण आईने पाठ संपल्यावर पायही चोळले होते.

तेच डॉक्टर बाहेर आले. ते दमलेले दिसत होते. फुगवटा फुटला नव्हता, त्यांनी सांगितलं. तो जसा होता तसाच आहे. शीर फाटली ती खाली, पाठीमागच्या भागात, जिथे रुंदी नॉर्मल होती.

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या डोक्यात ती देखणी तार आली, आणि मला स्वतःची किळस आली.

बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मग आईचं खरं सुरू झालं. ती रडत नव्हती. ती उठायची, चूल पेटवायची, जेवण करायची आणि पानावर बसायची नाही. देवापुढे दिवा लावणं तिने बंद केलं. तिच्या माहेरची जत्रा आली, मामा न्यायला आले, ती गेली नाही. एकदा विहिरीवर धुणं धुताना ती हात न थांबवता मला म्हणाली, "मीच मारलंय तेंका. तेंका कापूचा होता. मी देवीक मदी हाडलंय."

बाबांनी ज्या गोष्टीला भिऊन नको म्हटलं, तीच त्यांच्या मागे तिच्या गळ्यात पडली होती. फक्त उलट्या बाजूने.

मला ते बघवेना. मी डॉक्टरांकडे परत गेले आणि सरळ विचारलं, ऑपरेशन केलं असतं तर ते वाचले असते का? त्यांनी पुष्कळ विचार करून उत्तर दिलं. आम्ही वरचा फुगवटा काढला असता, ते म्हणाले, आणि खालचा भाग तसाच राहिला असता. तेव्हा बहुतेक हे झालंच असतं. पण छाती उघडल्यावर भिंत हाताला लागते. कदाचित ती कमकुवत आहे हे आमच्या लक्षात आलं असतं, मग आम्ही त्यांच्यावर कडक नजर ठेवली असती, पाठ दुखताच तुम्ही त्यांना आणलं असतं. किंवा ते टेबलावरच गेले असते. मला खरंच सांगता येत नाही. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. हे घराण्यातून येतं. तुम्ही दोघं भावंडं स्कॅन करून घ्या.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. फुगवटा फुटला नव्हता, दुसरीकडे फाटलं, ऑपरेशन केलं असतं तरी बहुतेक फाटलंच असतं; पण कदाचित कळलंही असतं, कदाचित वाचलेही असते, हे नक्की कोणीच सांगू शकत नाही. मला वाटलं, खरं आहे तेवढं सांगावं, त्यातून तिला जे हलकं वाटायचं ते वाटेल.

ती ऐकत होती. अर्ध्यावर तिचा हात थांबला. तांदूळ निवडत होती ते सूप तिने बाजूला ठेवलं.

"म्हणजे कापला आसता तरी ते गेले आसते."

"बहुतेक. पण आई, डॉक्टर असंही म्हणाले की..."

"म्हणजे देवीन बरोबर सांगलला," ती म्हणाली. "उगीच छाती फोडून घेवची आणि मगे मरूचा. तिन तेंका ता चुकवल्यान."

मी दुसरा अर्धा भाग परत सांगितला. तिने मान डोलावली, ऐकलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्या संध्याकाळी तिने दिवा लावला. रात्री ती पानावर बसली आणि पोटभर जेवली, आणि मी पाहत राहिले. मला बरं वाटलं, हेही खरं आहे. तो दुसरा अर्धा भाग मी पुन्हा काढला नाही.

आम्ही दोघांनी स्कॅन केला. माझा चांगला निघाला. दादाचा नाही. बाबांची शीर फुगली होती त्याच जागी त्याचीही फुगू लागली आहे. तो चाळिशीचा आहे, त्याची फुफ्फुसं स्वच्छ आहेत, त्याच्या दोन मुली शाळेत जातात. डॉक्टर म्हणाले, आता केलं तर धोका पुष्कळ कमी, थांबू नका. मीही तेच म्हणते. गेल्या रविवारी आम्ही तिघं सोप्यावर बसलो होतो तेव्हा मी ते चार वेळा तरी म्हटलं.

आई शांत होती. बाबांच्या वेळी होती तशी घाबरलेली नव्हती. "देवीक इचारूया," ती म्हणाली. "तिन एकदा बरोबर सांगल्यान. आता माका भिया नाय."

मी दादाकडे पाहिलं. स्टिअरिंगवर हात आपटणारा तोच होता. आता तो ओरडेल, मग मी त्याच्या बाजूने उभी राहीन, मग आम्ही दोघं मिळून तिला ऐकायला लावू, असं मी मनात धरून बसले होते.

तो ओरडला नाही. तळहाताने छाती चोळत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तू शिकलंस. तू सांग. नाय कापलंय तर ती फुटतली?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"कापलंय तर मी टेबलारसून उठान येयन?"

"येशील. बहुतेक."

"बहुतेक," तो म्हणाला. मग खिशातून मोबाईल काढला आणि पुजाऱ्यांना फोन लावला. सोमवारी येऊ का, असं त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज इतका नरम होता की मला तो ओळखू आला नाही.